५०० मीटर, पण कुठून? सीआरझेडची रेषा समजून घेताना

किनाऱ्यावरच्या बांधकामांना नोटिसा आल्याची बातमी कोकणात दर काही महिन्यांनी येते. बातमीखाली तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. जमीन स्वतःची, सातबारा स्वच्छ, घरपट्टी भरलेली, ग्रामपंचायतीचा ठराव हातात, मग बांधकाम बेकायदा कसं? आणि शेजारच्या प्लॉटवर बंगला उभा राहतो, तर आमच्या गोठ्यालाच नोटीस का?

यातल्या बऱ्याच गोंधळाचं मूळ एकच आहे. ‘समुद्रापासून ५०० मीटर’ एवढंच वाक्य लोकांच्या डोक्यात असतं. पण हे अंतर कुठून मोजायचं, त्या पट्ट्यात नेमकं काय चालतं आणि हे सगळं ठरवणारा नकाशा कोणता, या तीन गोष्टी माहीत नसतील तर ५०० हा आकडा निरुपयोगी आहे.

नियम आला कुठून

१९८१ साली तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या पाण्यापासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं होतं. पत्र म्हणजे कायदा नव्हे. तो आला १९ फेब्रुवारी १९९१ रोजी, पर्यावरण (संरक्षण) कायदा, १९८६ याखाली काढलेल्या अधिसूचनेतून. त्या अधिसूचनेनं आखलेला पट्टा म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्र, बोलीभाषेत सीआरझेड. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नवीन अधिसूचना आल्या, पण १९९१ची ती तारीख अजूनही महत्त्वाची आहे. तुमचं जुनं घर, जुना बांध त्या तारखेआधीचा की नंतरचा, यावर पुष्कळ काही ठरतं.

अंतर कुठून मोजतात

पाण्याच्या कडेपासून नाही. सुट्टीत प्लॉट पाहायला आलेला माणूस ओहोटीच्या वेळी पुळणीवर उभा राहतो, फोनवर अंतर मोजतो आणि ‘सहाशे मीटर भरलं’ म्हणून निर्धास्त होतो. फसायला इथून सुरुवात होते.

मोजायचं असतं भरती रेषेपासून. भरती रोज येते, पण तिची उंची रोज सारखी नसते. भांगाच्या दिवसांत पाणी थोडंच चढतं आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाला ते सर्वांत वर येतं. उधाणाचं पाणी जमिनीवर जिथवर पोहोचतं, ती भरती रेषा. गावातल्या कोणत्याही दर्यावर्दी माणसाला ती जागा साधारण ठाऊक असते. पण कायद्यासमोर चालते ती शासनानं मान्यता दिलेल्या संस्थेनं आखलेली आणि नकाशावर उतरलेली रेषा.

त्या रेषेपासून जमिनीच्या दिशेनं ५०० मीटर म्हणजे सीआरझेड. हे अंतर नकाशावरचं सरळ अंतर आहे. वळणावळणाच्या रस्त्यानं गाडीचे आकडे ७०० दाखवत असले तरी प्लॉट पट्ट्याच्या आत असू शकतो. उंचीचीही सूट नाही. कोकणात जांभ्याचे कडे थेट समुद्रात उतरतात. कड्यावरचा सडा, म्हणजे वरचा सपाट कातळ, पाण्यापासून कितीही उंच असला, तरी नकाशावर ५०० मीटरच्या आत असेल तर तो सीआरझेडमध्येच.

खाडीकाठचा हिशेब वेगळा

वाशिष्ठी, सावित्री किंवा तेरेखोलच्या काठावर राहणाऱ्यांना वाटतं की समुद्र कितीतरी दूर आहे, आपला याच्याशी काय संबंध? पण जिथवर समुद्राचं खारं पाणी आत शिरतं, तिथवर हा नियमही आत शिरतो. त्याची हद्द खारटपणावर ठरते. वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर, हजार भाग पाण्यात पाच भाग क्षार जिथवर सापडतात तिथवर खाडी धरतात. लिटरभर पाण्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवलं तर साधारण तेवढा खारटपणा येतो. समुद्राच्या पाण्यात तो याच्या सातपट असतो.

अशा खाडीच्या काठावर २०१९च्या नियमानुसार पट्टा ५० मीटरचा, किंवा खाडीच्या रुंदीएवढा, यांतला जो कमी असेल तो. खाडी २०० मीटर रुंद असेल तर पट्टा ५० मीटर, आणि ३० मीटर रुंद असेल तर ३० मीटर. २०११च्या नियमात याच जागी १०० मीटर होते. जुनी कागदपत्रं वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा.

खाजणाच्या, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या शेतजमिनीच्या, बाबतीत कोकण आणि गोव्यातल्या शेतकऱ्याच्या कामाची एक तरतूद आहे. खारं पाणी अडवणारा बांध किंवा झडपेची मोरी १९ फेब्रुवारी १९९१च्या आधीची असेल, तर भरती रेषा त्या बांधावरच थांबते. आतली शेतजमीन सीआरझेडमधून सुटते. पण बांध फुटला, कुणी दुरुस्त केला नाही, खारं पाणी आत येऊन कांदळवन उगवलं, तर ते कांदळवन पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात जातं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं बांधाची डागडुजी टाळणं म्हणजे जमीन दोनदा गमावणं आहे, आधी खारटपणाला आणि मग नियमाला. बांध बांधल्याचा पुरावा, जुनी मोजणी, खारभूमीच्या कामाची नोंद, जे काही असेल ते जपून ठेवावं.

पट्ट्यात चार वर्ग आहेत

‘सीआरझेडमध्ये काहीच बांधता येत नाही’ हे खरं नाही, आणि ‘थोडं मॅनेज केलं की सगळं होतं’ हेही खरं नाही. जमीन कोणत्या वर्गात आहे हा खरा प्रश्न.

पहिला वर्ग नाजूक जागांचा. कांदळवनं, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, कासवांची अंडी घालण्याची पुळण, पक्ष्यांच्या वसाहती, शिवाय भरती आणि ओहोटी यांच्या मधला चिखल-वाळूचा भाग. इथे बांधकाम जवळजवळ नाहीच. कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही यात येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८च्या निकालानंतर कांदळवनाच्या बाबतीत ढिलाईला फारशी जागा उरलेली नाही.

दुसरा वर्ग वसलेल्या शहरांचा, म्हणजे रस्ते, पाणी, गटारं झालेली आहेत आणि निम्म्याहून अधिक प्लॉटवर बांधकाम उभं आहे अशा जागांचा. तिथे आधीपासूनच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूला, नगररचनेच्या नियमांप्रमाणे बांधता येतं. चौथा वर्ग पाण्याचा, ओहोटी रेषेपासून समुद्रात १२ सागरी मैलांपर्यंत, आणि खाड्यांच्या पात्राचा.

कोकणातली बहुतेक गावं तिसऱ्या वर्गात येतात. त्यामुळे त्याच्याकडे नीट पाहू.

गावांचा वर्ग आणि २०० मीटरची पट्टी

ग्रामीण किनाऱ्याला २०१९च्या अधिसूचनेनं दोन भागांत विभागलं. २०११च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१पेक्षा जास्त लोक राहतात ती दाट वस्ती, बाकीची विरळ. दाट वस्तीत भरती रेषेपासून ५० मीटर, तर विरळ वस्तीत २०० मीटर हे ना-विकास क्षेत्र. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता त्याच जनगणनेत १६३ होती. यावरून अंदाज येईल की बहुतेक खेड्यांना २०० मीटरचाच नियम लागतो. दाट वस्तीची ५० मीटरची सवलतसुद्धा आपोआप मिळत नाही. लोकांशी सल्लामसलत करून तयार झालेला नवा आराखडा मंजूर असेल तरच ती लागू होते, नाहीतर २०० मीटरच.

ना-विकास म्हणजे ओसाड ठेवणं नव्हे. माड-पोफळी, भाजीपाला, चराई, खेळाचं मैदान चालतं. आधीचं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पाडून पुन्हा उभारता येतं. अट एवढीच की जोत्याचं क्षेत्रफळ आणि चटईक्षेत्र वाढता कामा नये. गावासाठी लागणारी शाळा, दवाखाना, शौचालय, रस्ता यांना प्रकरणागणिक परवानगी मिळू शकते.

२०० मीटरच्या पलीकडे, ५०० मीटरच्या आत, गावठाण आणि मच्छीमार वस्त्यांच्या परंपरागत हक्कांच्या चौकटीत घरं बांधता येतात. कमाल उंची ९ मीटर, तळमजला आणि वर एक मजला. आहे त्याच घरात, जोतं आणि दर्शनी रूप न बदलता, पाहुण्यांची राहण्याची सोय करायला मुभा आहे. वाडीतल्या कुटुंबांना हे फार उपयोगी आहे. पण खोल्या वाढवण्यासाठी मागे पत्र्याची शेड ओढली की ती मुभा तिथेच संपते.

बोअरवेलला एवढा विरोध का

किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, दुधावर साय असते तसं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते वर राहतं. आदर्श स्थितीत समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा साठा असतो. याचा उलटा अर्थ घातक आहे. पंपानं वरची पातळी एक मीटरनं खाली ओढली, तर काही काळानं खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकू शकतं. एका रिसॉर्टच्या पंपापायी पूर्ण वाडीच्या विहिरी मचूळ होतात त्या अशा, आणि एकदा शिरलेला क्षार एका पावसाळ्यात धुऊन निघत नाही.

म्हणून भरती रेषेपासून २०० मीटरच्या आत भूजल उपसायला बंदी आहे. सूट फक्त स्थानिक लोकांना, त्यांच्या स्वतःच्या वापरापुरती. २०० ते ५०० मीटरमध्ये साध्या विहिरीतून, हातानं काढलेलं पाणी, पिण्यासाठी, शेती-बागायतीसाठी आणि मासेमारीसाठी, दुसरा स्रोत नसेल तर.

वाळूच्या टेकड्यांचंही तसंच आहे. पुळण ही समुद्राची कणगी समजा. पावसाळ्यातल्या उंच लाटा त्या कणगीतून वाळू काढून आत समुद्रात नेऊन ठेवतात. तिथे तिचा उंचवटा तयार होतो आणि पुढच्या लाटा त्यावरच फुटतात. पाऊस सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. केवडा आणि वेलींनी धरून ठेवलेली मागची टेकडी ही अडीअडचणीची साठवण असते. ती सपाट करून लॉन केलं, किंवा तिच्यावर कुंपणाची भिंत घातली, तर कणगी रिकामी होते. भिंतीवर आपटून परत फिरणारी लाट भिंतीच्या पायाखालची वाळू उकरते, आणि भिंतीच्या टोकाला शेजाऱ्याची जमीन कापायला लागते. मग शेजारी बंधारा मागतो, आणि तो झाला की त्याच्या पलीकडचा. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा वारा आणि लाटा काय करू शकतात हे कोकणानं पाहिलं. टेकडी, बन आणि मोकळी पुळण ही तेव्हाची पहिली ढाल असते. रिसॉर्टना वाळूच्या टेकड्या सपाट करायला मनाई आहे. दोन रिसॉर्टच्या मधून किनाऱ्यावर जायला निदान २० मीटर रुंदीची वाट सोडावी लागते, आणि झुडपी कुंपण चालतं पण ते लोकांची वाट अडवणारं नसावं. या अटी वाचल्या की त्यांच्यामागचं कारण डोळ्यांपुढे उभं राहतं.

‘पण ग्रामपंचायतीनं परवानगी दिली होती’

ही सर्वांत महाग पडणारी समजूत आहे. गाडी तुमच्या नावावर आहे म्हणून ती एकेरी रस्त्यात उलटी घालता येत नाही. सातबारा मालकी आणि पीकपाणी सांगतो, पण सीआरझेड सांगत नाही. बिनशेतीचा आदेश वापर बदलतो, पण सीआरझेडची मंजुरी देत नाही. घरपट्टी हा कर आहे, परवाना नव्हे.

केरळमधलं मरडूचं उदाहरण पाहा. तिथल्या तेव्हाच्या पंचायतीनं २००६मध्ये बांधकाम परवाने दिले, चार गृहसंकुलं उभी राहिली, लोकांनी फ्लॅट घेतले, राहायला आले. सर्वोच्च न्यायालयानं मे २०१९मध्ये ती पाडायचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी ती स्फोटकांनी जमीनदोस्त झाली. फ्लॅटधारकांना अंतरिम भरपाई म्हणून प्रत्येकी २५ लाख रुपये द्यायला न्यायालयानं सांगितलं. परवाना देणारी संस्था चुकली होती, पण घरं पडली ती विकत घेणाऱ्यांची. आपल्याकडे अलिबागजवळ किहीमला नीरव मोदी यांचा बंगला मार्च २०१९मध्ये असाच स्फोटकांनी पाडला गेला.

स्थानिक संस्थेला काहीच अधिकार नाहीत असं मात्र नाही. २०१९च्या अधिसूचनेत ३०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण ३,२०० चौरस फुटांच्या राहत्या घराला स्थानिक प्राधिकरणच मंजुरी देऊ शकतं. राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. पण मंजुरी देण्याआधी घर सीआरझेडच्या नियमांत बसतं का, हे तपासणं स्थानिक संस्थेवर बंधनकारक आहे. म्हणून परवानगी घेताना पत्रात हे तपासल्याचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते पाहा. नसेल तर तो मागून घ्या. ‘नियमानुसार परवानगी देण्यात येत आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

प्लॉट घेण्याआधी काय तपासायचं

आधी सर्व्हे किंवा गट नंबर आणि हिस्सा नंबरसह सातबारा आणि भूमी अभिलेख कार्यालयातला गटाचा नकाशा घ्या. मग त्या गावाचा मंजूर किनारा व्यवस्थापन आराखडा पाहा. किनाऱ्यावरची भरती रेषा, पट्टे आणि वर्ग दाखवणारा हाच तो नकाशा. तो कोणत्या अधिसूचनेखाली मंजूर झाला ते आधी वाचा. २०१९च्या सवलती त्या अधिसूचनेप्रमाणे सुधारलेला आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होतात.

आराखड्याचं प्रमाण साधारणपणे एकास २५,००० असतं. म्हणजे नकाशावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर होतो. पेन्सिलच्या जाड रेघेत अख्खं घर मावतं. म्हणून प्लॉट रेषेच्या आसपास असेल तर या नकाशावर पट्टी ठेवून निर्णय घेऊ नका. एकास ४,००० प्रमाणाचा नकाशा लागतो, त्यात एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर. केंद्र सरकारनं अधिकृत केलेल्या संस्थेकडून भरती रेषा आणि गटाची हद्द एकावर एक बसवून घ्यावी लागते. चेन्नईचं राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्र ही त्यांपैकी एक. त्यासाठी खर्च येतो आणि वेळ जातो. पण जमिनीच्या किमतीपुढे तो लहान आहे, आणि विकणाऱ्यानं तो करायला नकार दिला तर तेच तुमचं उत्तर समजा.

प्लॉटचा काही भाग पट्ट्यात आणि काही बाहेर असं पुष्कळदा होतं. तेव्हा प्रत्येक भागाला त्याच्या त्याच्या वर्गाचा नियम लागतो. बाहेरच्या भागात बांधकाम आणि आतल्या भागात माड, अशी मांडणी करता येते. मात्र शोषखड्डा, जनरेटरची खोली, पोहण्याचा तलाव हे ‘बांधकाम नाही’ असं समजून पट्ट्यात टाकू नये. नोटिसा बहुतेक वेळा मुख्य घराला नसतात, अशा पुरवणीला असतात.

‘मोठ्यांना सगळं माफ, नियम फक्त आम्हाला’

ही तक्रार खोटी नाही, आणि ती झटकून टाकू नये. बंदर, जेटी, मासळी उतरवण्याची जागा यांना पाण्याचा काठ लागतोच, म्हणून नियमात त्यांना वाट आहे. पण अपवादात्मक म्हणून रस्त्यांनाही वाट दिलेली आहे. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याची सीआरझेड मंजुरी उच्च न्यायालयानं जुलै २०१९मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१९मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली. काम पुढे गेलं. कांदळवन तोडावं लागलं तर तिप्पट क्षेत्रावर लागवड करण्याची अट नियमात आहे, पण वाढलेल्या कांदळवनातली जिताडी आणि खेकडे नव्या रोपांत लगेच येत नाहीत, हे कोळ्यांना कुणी शिकवायला नको.

मोठ्या प्रकल्पावर हरकत घ्यायची तर ती नकाशावर आणि सुनावणीत घ्यावी लागते, आणि तिथेच गावं गैरहजर असतात. आराखड्याच्या मसुद्यावर जिल्हा पातळीवर जनसुनावणी होते. मच्छीमार वस्त्या, सामाईक जागा, जेटी, बर्फ कारखाने, मासळी वाळवायच्या जागा हे सगळं नकाशात दाखवणं बंधनकारक आहे. बोटी ओढून ठेवायची पुळण, जाळी वाळवायची मोकळी जागा, बोंबील टांगायच्या वलांड्या वर्षानुवर्षं वापरात असल्या तरी नकाशात नसतील, तर उद्या ती ‘रिकामी जमीन’ ठरते. एकदा मंजूर झालेला आराखडा साधारण पाच वर्षं बदलत नाही. ग्रामसभेनं मसुदा आल्यावर आपल्या गावाचं पान छापून घ्यावं, वाडीवाडीतल्या जाणत्या माणसांना घेऊन किनाऱ्यानं चालावं आणि जे सुटलं ते गट नंबरासह लेखी द्यावं.

नियम मोडला जातोय असं दिसलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते. तिच्यावर स्थानिक किनारी समाजाचे, मच्छीमारांसह, किमान तीन प्रतिनिधी असावे लागतात. आपल्या जिल्ह्यातले ते तिघं कोण, हे विचारायचा हक्क सर्वांना आहे. तक्रारीत गट नंबर, तारखेचे फोटो आणि भरती रेषेपासूनचं अंदाजे अंतर द्यावं. नुसतं ‘किनाऱ्यावर बांधकाम चालू’ लिहिलं तर अर्ज टेबलावरच राहतो. १ एप्रिल २०२४पासून पर्यावरण कायद्याखालच्या उल्लंघनाला तुरुंगाऐवजी दहा हजार ते १५ लाख रुपये दंड आहे. दंड भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, ते हटवण्याचा आदेश वेगळा निघू शकतो.

‘तात्पुरतं आहे, बांबूचं आहे’

पुळणीवरच्या झोपड्या, कपडे बदलायच्या खोल्या, शौचालयं अशा तात्पुरत्या सोयींना २०१९च्या नियमात जागा आहे, भरती रेषेपासून किमान १० मीटर अंतर ठेवून. पण त्यालाही परवानगी लागते. बांबूच्या खाली काँक्रीटचा चौथरा ओतला, की ते तात्पुरतं राहत नाही. तपासणीला आलेला माणूस छपराकडे पाहत नाही, आधी जोतं पाहतो.